अमेरिकन गाडीची उजवी बाजू

आमच्या घरात माणसांपेक्षा त्या गाडीला मान जास्त, हे मी लग्न होऊन आले त्या दिवशीच ओळखलं. माप ओलांडून आत आले, तर माझ्या तोंडाकडं बघायला दारात कुणी नाही. सगळे पावणे अंगणात, गाडीभोवती. मी ज्या गाडीतून उतरले तिचीच दृष्ट काढायला निघाले होते लोक! मी वडूजकडची, अंगानं बारकी आणि रागाला मोठी. मनात म्हटलं, या धुडाशी आपलं काही जमायचं नाही.

धूडच होतं ते. अमेरिकन गाडी. रंग आकाशी, टप पांढरा, कडेनं सगळीकडं चकचकीत पट्ट्या. पुढचं बॉनेट इतकं लांब, की जाऊबाईंनी एकदा त्यावर सांडगे वाळत घातले होते. त्या दिवशी थोरल्या भाऊजींनी जेवणाला हात लावला नाही. मागच्या बाजूला दोन पंख होते, पत्र्याचे, वर निघालेले. आत पुढं एकच लांबलचक बाकडं, मऊ गादीचं, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता. मागंही तसंच. दाटीवाटीनं बसले तर अख्खी वरात आत मावायची.

थोरले भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ. मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडं ते ड्रायव्हर होते. साहेब कायमचा आपल्या मुलखाला निघाला तेव्हा ही गाडी भाऊजींच्या पदरात टाकून गेला. ती घेऊन ते गावी आले. आमचं गाव जत आणि कवठे महांकाळच्या मधे, माळावर. तिथं पाण्याचा टँकर आला तरी लोक बघायला जमायचे, मग ही गाडी आल्यावर काय झालं असेल! लग्नाची वरात, बाजाराची माणसं, मिरजेच्या दवाखान्याला न्यायचा पेशंट, सगळं तिच्यातून जायचं. भाऊजी खाकी कपडे घालून बसायचे आणि कुणी दार जोरात आपटलं की त्याच्या सात पिढ्या काढायचे.

"तिकडं दरसाली नवा आकार काढत्यात," ते सांगायचे. "औंदाची गाडी पुढल्या साली जुनी दिसाय पायजे. म्हंजे शेजाऱ्याची बगून माणूस परत नवी घेतोय."

"आन् ते पंख कशाला?" जाऊबाई मुद्दाम विचारायच्या.

"इमानावानी दिसाय."

"उडतीय व्हय मग?"

"उडत न्हाई. पर दिसतीय का न्हाई?"

मी पदराआड हसायचे. पण खरं सांगू, मला त्या अमेरिकन लोकांचा राग यायचा. त्यांच्याकडं रस्ते मैदानासारखे रुंद आणि पेट्रोल पाण्यासारखं स्वस्त, म्हणून दरसाल वीतभर लांब करायची, वीतभर रुंद करायची. चालवणाऱ्याला बॉनेटच्या पुढं काय आहे ते दिसतं का, हे कुणी विचारायचं नाही. शोरूममधे उभी असताना बघणाऱ्याचे डोळे दिपले की झालं. ती कुठं कुठं जाणार आहे, कुणाच्या अंगणात उभी राहणार आहे, त्यांना त्याचं काय!

आमच्याकडं तेव्हा रस्ता म्हणजे डांबराची एकच पट्टी. दोन्ही बाजूंना मुरूम, खड्डे, बाभळी. समोरून दुसरी गाडी आली की दोघांपैकी कुणीतरी चाकं खाली उतरवायची, डांबर सोडायचं. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. बारक्यानं मोठ्याला वाट द्यायची. भाऊजींनी डांबर कधी सोडलं नाही. ट्रकवाले मिशा पिळत यायचे आणि ऐन वेळी ती रुंद चकचकीत जाळी समोर बघून खाली उतरायचे. भाऊजींना त्यात फार समाधान होतं.

आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे स्टिअरिंग डावीकडं. आपल्याकडं गाड्या डाव्या अंगानं चालतात. पुढच्या गाडीला मागं टाकायचं तर उजवीकडनं डोकवावं लागतं, आणि चालवणारा बसलेला डावीकडं, पार कडेला. पुढं ट्रक असला की भाऊजींना ट्रकची पाठ सोडून काही दिसायचं नाही. म्हणून उजव्या खिडकीशी एक माणूस लागायचाच. रस्ता मोकळा असेल तर त्यानं ओरडायचं, "काढ!" समोरून काही येत असेल तर, "दाब!" म्हणजे ब्रेक दाब. ह्या दोन शब्दांवर गाडी चालायची. त्या जागेवर भाऊजींचा एक मित्र बसायचा, आवाज पहाडासारखा. भाऊजी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या तोंडावर विश्वास ठेवायचे.

एकाहत्तर सालचा डिसेंबर होता. माझं लग्न उन्हाळ्यात झालेलं. आमचे हे पलटणीत शिपाई. लग्नानंतर थोडे दिवस राहिले आणि गेले. मग मोठ्या मिनतवारीनं सुट्टी काढून आले होते. आम्ही दोघं एकमेकांना अजून नीट ओळखतही नव्हतो. दिवसा घरात सगळे, बोलायची चोरी. मला त्यांच्या हसण्याचा आवाज माहीत होता, चिडण्याचा नव्हता. आणि रेडिओवर सांगितलं, लढाई सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि तारवाला आला. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. यांनी तार वाचली, घडी घालून खिशात टाकली आणि सरळ ट्रंक ओढायला लागले. दुपारची एसटी निघून गेली होती. पुढची मिरजेला पोचेपर्यंत संध्याकाळची पुण्याकडं जाणारी रेल्वे हुकणार. दुसऱ्या दिवशीच्या रेल्वेनं जाऊन भागणार नव्हतं.

"पलटण हालली आन् मी घरी बसलेला घावलो तर काय म्हनतील? भगोडा म्हनतील," हे आत्याबाईंना म्हणाले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "जन्मभर तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायची, आई."

भाऊजी गाडीत पाणी घालायला लागले होते. पण त्यांचा तो मित्र जतला बाजाराला गेलेला. उजवीकडं बसायला माणूस नाही.

"मी बसतो," हे म्हणाले.

"तू न्हाई." भाऊजींनी मान वरसुद्धा केली नाही. "तुला रेल्वे गाठायचीय. तुला समदा रस्ता मोकळाच दिसणार."

"मग आईला बसव."

"आईला तू जायालाच नको हायस. तिला जिकडं तिकडं टरकच दिसत्याल." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सरळ बघितलं. "ही बसंल. हिचं कुंकू हाय गाडीत. ही नीट बगंल."

मी जागच्या जागी गार झाले. थोरल्या दिरासमोर मी डोईवरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्यांच्याशी मोठ्यानं बोलले नव्हते, आणि आता त्यांच्या शेजारी एका बाकावर बसून त्यांना हुकूम सोडायचे! जाऊबाई बाळंतपणाला माहेरी, नाहीतर त्यांना पुढं केलं असतं. नाही म्हणायची सोयच नव्हती.

भाकरी बांधताना आत्याबाई चुलीपाशी माझ्या अगदी जवळ आल्या. डोळे कोरडे होते त्यांचे. हळूच म्हणाल्या, "पोरी, तुज्या हातात हाय बग समदं. दाब म्हणत ऱ्हा. रेल्वे हुकू दे. कुणाला काय कळतंय?"

मी भाकरीचं फडकं बांधत राहिले. माझ्या मनातलंच बोलल्या त्या, आणि म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला.

निघालो. पुढं डावीकडं भाऊजी, उजव्या खिडकीला मी, मधे मोकळं बाकडं. मागं हे, आत्याबाई आणि ट्रंक. ती गाडी मऊ स्प्रिंगांवर अशी डुलायची की होडीत बसल्यासारखं वाटायचं. गाव मागं पडलं आणि पहिलीच गाठ कडब्याच्या बैलगाडीशी पडली.

"काढू का?" भाऊजींनी विचारलं.

मी पदर सावरून पुढं वाकले. समोरून एसटी येत होती. आणि मी काय म्हणावं? म्हणाले, "भाऊजी, जरा थांबावं म्हणते मी, समोरनं एसटी..."

इतकं बोलायला वेळ लागतो हो! "भाऊजी, जरा" एवढ्यातच त्यांनी गाडी बाहेर घेतली होती. एसटीचा भोंगा अंगावर आला. भाऊजींनी दोन्ही पाय ब्रेकवर दिले, गाडीचा मागचा भाग फरफटला, आत्याबाई पुढच्या बाकावर येऊन आपटल्या. एसटी पंखाला घासून जाते की काय अशी गेली. कडब्याची गाडी आपली निवांत चालली होती.

भाऊजींनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, आता हे मला खाली उतरवणार. ओरडले मात्र नाहीत.

"हे बग, बाय," ते म्हणाले. "हितं मी दीर न्हाई आन् तू भावजय न्हाईस. आवो-जावो घरी. हितं एकच शबूद. काढ, न्हाईतर दाब. कळलं का?"

"व्हय," मी म्हणाले.

"आन् पदर बांद आदी. डोळ्यावर येतोय."

मी पदर खाली घेतला आणि कमरेला खोचला. उघड्या डोक्यानं, थोरल्या दिराशेजारी, भर रस्त्यावर.

मग दुसरी अडचण कळली. त्या गाडीची पुढची काच कोपऱ्यात वळवून बाजूपर्यंत आणलेली होती. विमानातल्यासारखं दिसावं म्हणून असणार, दुसरं काय! पण जिथं काच वळायची तिथनं बघितलं की रस्ता पाण्यात बुडवलेल्या काठीसारखा मोडल्यासारखा दिसायचा. आणि मला ट्रकच्या पलीकडचं बघायचं असायचं ते नेमकं त्याच कोपऱ्यातून. एखादा माणूस एकाचे दोन व्हायचा, नाहीतर दिसायचाच नाही. ज्या कुण्या शहाण्यानं ही काच वळवली असेल त्याला त्या दिवशी मी इतक्या शिव्या दिल्या, की त्याला तिकडं अमेरिकेत उचकी लागली असेल. शेवटी मी खिडकीतनं डोकं बाहेर काढलं. धूळ, वारा, केस सगळे तोंडावर. पण रस्ता सरळ दिसला.

"दाब!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भाऊजींनी दाबला. जीप गेली. "काढ!" त्यांनी काढली. मेंढरांच्या कळपाशी थांबलो, धनगर शिट्ट्या मारत कळप कडेला घेत होता, त्याचं काही संपेना. हे मागं नुसते खिडकीवर बोटं वाजवत होते.

कवठे महांकाळला रेडिएटर तापून वाफा यायला लागल्या. एवढं जड धूड ओढायचं तर तापणारच. पाणी घालेस्तोवर यांनी मागचं दार उघडलं आणि पुढं येऊन मधे बसले, माझ्या आणि भाऊजींच्या मधे. "मागं जीव न्हाई ऱ्हात," म्हणाले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. दिवसाउजेडी, आईच्या आणि भावाच्या देखत. एरवी मी लाजून चूर झाले असते. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की त्यांचं अंग तापल्यासारखं गरम आहे.

कवठे सोडल्यावर तो ट्रक आडवा आला. मागनं बघितलं तर भुसा भरलेला, दोन्ही अंगांनी पोती फुगलेली, रस्त्याची सगळी पट्टी त्यानं व्यापलेली. भोंगा वाजवला तरी ऐकेना. चाल बैलगाडीपेक्षा जरा बरी एवढीच. सूर्य पुढच्या काचेतून डोळ्यावर यायला लागला होता.

"काढू?"

पुढं वळण होतं. "दाब."

वळण सरलं. चढ आला. चढाच्या पलीकडचं काय दिसणार? "दाब."

चढ सरला. समोरनं सायकलवाल्यांची रांग, मागं एसटी. "दाब!"

हे मधे बसून हातावर हात चोळत होते. पुढच्या "दाब"ला त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"मुद्दाम म्हणतीस का?"

मी डोकं बाहेरच ठेवलं. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, तेवढं बरं झालं.

"सांग की! मुद्दाम म्हणतीस? मला घरी बसवायचंय तुला? भगोड्याची बायको व्हायचंय?"

"म्हनू दे की तिला," मागनं आत्याबाई बोलल्या. त्यांच्या त्या बोलण्यानं तर माझा सगळा खरेपणाच गेला. मला ओरडावंसं वाटलं, अहो, मी जे दिसतंय तेच सांगतेय! पण दिसतंय तेच सांगतेय का, हे मला तरी कुठं नक्की ठाऊक होतं? चढ खरंच एवढा मोठा होता का? एखादी दुसरी बाई असती तर ती त्या सायकलवाल्यांच्या आधी "काढ" म्हणाली असती का? मी प्रत्येक वेळी डोळे फाडून बघत होते आणि प्रत्येक वेळी समोरनं काहीतरी येत असलं की मला आत कुठंतरी हायसं वाटत होतं. खोटं मी बोलत नव्हते. पण खरं बोलून बरं वाटत होतं. याला काय म्हणायचं?

तेवढ्यात हे पुढं वाकले, काचेला नाक लावून बघायला लागले आणि ओरडले, "मोकळं हाय की! दादा, काढ! काढ म्हनतो ना!"

भाऊजींचा हात हालला. गाडी जरा उजवीकडं झाली. "तू न्हाई, ती!" ते ओरडले, पण चाकं निघाली होती.

मी बघितलं. बाहेरनं, वळलेल्या काचेतनं नाही. समोर बाभळीच्या सावलीतनं एक ट्रक येत होता, पुढं टायर टांगलेला, सरळ आमच्यावर. काचेच्या वळणात तो गडप झाला होता.

"दाब!! दाब, दाब, दाब!"

अशी किंकाळी आमच्या घरातल्या कुणी माझ्या तोंडून परत कधी ऐकली नाही. भाऊजींनी गाडी मागं ओढली. भुशाच्या पोत्यांना बॉनेट टेकलं म्हणेपर्यंत. तो समोरचा ट्रक इतक्या जवळनं गेला की माझ्या तोंडावर त्याची गरम हवा आली, आणि मी डोकं आत घ्यायला विसरले असते तर आज हे सांगायला मी नसते.

आत्याबाई देवाचं नाव घेत होत्या, ते मधेच थांबलं. हे काचेकडं बघत होते. मग हळूच हात पुढं करून त्यांनी त्या वळलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

"आता ती म्हनल तवाच," भाऊजी म्हणाले. "दुसरं कोण बोललं तर त्याला हितं सोडून जाईन. मग तू असलास तरी."

आणि मग तो रस्ता आला. सरळ, लांब, दोन्ही बाजूंना झाड नाही, पार पुढच्या ओढ्यापर्यंत दिसणारा. मी डोकं बाहेर काढून बघितलं. मोकळा. एक कुत्रंसुद्धा नाही.

"बग," भाऊजी म्हणाले.

मी बघतच होते. माझ्या तोंडात तो शब्द आला आणि अडकला. एवढा एक शब्द मी गिळला की झालं. पुढच्या ओढ्यावर पुन्हा वळण, मग मिरजेच्या बाजूला उसाच्या गाड्या, रेल्वे जाणार आणि हा माणूस आज घरी परत येणार. माझ्या खांद्याला लागलेला त्यांचा खांदा मला कळत होता. श्वास धरला होता त्यांनी, मला तो धरलेला कळत होता.

"काढ!" मी ओरडले.

भाऊजींनी गाडी बाहेर घेतली. पण ती पट्टी एका गाडीची, आणि आमची गाडी एका गाडीपेक्षा रुंद. उजवी चाकं मुरमात उतरली, गाडी माझ्या बाजूला कलली. ट्रकवाला काही डावीकडं होईना. पोती माझ्या... नाही, भाऊजींच्या खिडकीला घासायला लागली, भुसा आत येऊन सगळ्यांच्या डोक्यावर. मुरमात मागची चाकं सरकली. तो लांब मागचा भाग, ते पंख, आपल्याच मनानं खड्ड्याकडं निघाले. भाऊजींनी स्टिअरिंग उलटं फिरवलं. मी खाली बघितलं तर दाराच्या खाली जमीन दिसेना, नुसता चर. मला वाटलं, झालं, मीच मारलं सगळ्यांना. आणि एकदम डांबर चाकाखाली आलं, ट्रक मागं पडला, आणि समोर नुसता रस्ता.

त्यानंतर मला काय झालं मला माहीत नाही. भीती गेली आणि त्या जागी राग आला. यांचा राग, आत्याबाईंचा राग, लढाईचा, गाडी बनवणाऱ्यांचा, सगळ्यांचा. उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली. "काढ! काढ! दाब. काढ!" मी घसा बसेपर्यंत ओरडत होते. भाऊजी माझ्या शब्दासरशी स्टिअरिंग फिरवत होते, विचारतही नव्हते. जायचंय ना? मग जा! मी पोचवते!

मिरजेला स्टेशनवर पोचलो तेव्हा रेल्वे फलाटाला उभी होती. फलाट नुसता खाकी कपड्यांनी भरलेला. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची पोरं. यांनी ट्रंक खांद्यावर घेतली, भावाच्या पाया पडले, आईच्या पाया पडले. आत्याबाईंना गर्दीत पुढं जाता येईना, भाऊजींनी त्यांना धरून खांबाशी उभं केलं. भाकरीचं फडकं माझ्याकडं राहिलं होतं. ते घेऊन मी डब्याच्या दाराशी पळाले. डोक्यावर पदर नाही, केसांत भुसा, घसा बसलेला.

फडकं घेतलं त्यांनी. शिट्टी झाली. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी न बोलता जाणार. मग मीच म्हणाले, "मी मुद्दाम न्हवते म्हणत. आईशप्पत न्हवते."

"ठावं हाय मला," हे म्हणाले. खाली वाकले, माझ्या कानाशी. रेल्वेच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं. "दरवेळी तू दाब म्हनलीस की मला बरं वाटायचं. मीबी मनातनं तेच म्हनत हुतो. म्हनून तर चिडलो."

रेल्वे हालली. मी तशीच उभी. त्यांचा हात माझ्या हातावर होता आणि मग नव्हता.

लढाई लवकर संपली. हे आले. संसार झाला, भांडणं झाली, मुलं झाली. पुढं पेट्रोल महाग झालं आणि ती गाडी पोसणं भाऊजींना झेपेना, त्यांनी दुसरी घेतली, बारकी, उजवीकडं स्टिअरिंगची. ते दशक संपता संपता सांगलीला बिऱ्हाड केल्यावर तिथल्या वाचनालयात मी वर्तमानपत्रात वाचलं की अमेरिकेतल्या कंपन्यासुद्धा आता गाड्या आखूड करायला लागल्या आहेत. म्हटलं, आलात का वाटेवर! घरी येऊन यांना सांगितलं, हसले. तेव्हा धीर करून मी विचारलं, त्या दिवशी रेल्वेच्या दारात तुम्ही जे बोललात ते आठवतं का? तर म्हणाले, मी कुठं काय बोललो? तुला वाऱ्यानं काहीतरी ऐकू आलं असंल. आणि उठून बाहेर गेले. मी परत कधी विचारलं नाही.

पण त्या संध्याकाळी रेल्वे गेली तेव्हा आत्याबाई खांब सोडून माझ्याकडं आल्या. येताना मला काय बोलायचं त्यांच्या मनात होतं, ते माहीत नाही. त्यांनी माझ्या केसांतला भुसा काढायला सुरुवात केली, एक एक काडी, आणि काढताना विचारलं, "काय म्हनला गं?"

"भाकरी पुरंल म्हनाले."

"आन्?"

"तुमाला तब्येतीला जपायला सांगा म्हनाले."

त्यांचे हात थांबले. भाऊजी मागं उभे होते. मला घसा बसल्यानं नीट बोलता येत नव्हतं.

"भ्यालेला न्हवता न्हवं माजा ल्योक?"

"न्हाई आत्याबाई," मी म्हणाले. "अजाबात न्हाई."